स्वप्नाची आठवण आणि सजग स्वप्न

जे चालू असतानाच ते स्वप्न आहे हे पाहणाऱ्याला कळलेले असते, अशा स्वप्नाला सजग स्वप्न म्हणतात; पाश्चात्त्य ग्रंथांत ते ‘ल्युसिड ड्रीम’ या नावाने ओळखले जाते. ते शिकू पाहणारा माणूस बहुधा स्वप्नात उडण्याच्या किंवा हव्या त्या ठिकाणी जाण्याच्या युक्त्यांकडे थेट वळतो आणि पंधरा-वीस दिवसांत काहीच हाती लागले नाही की नाद सोडून देतो. या विषयावरील अमेरिकी संशोधक स्टीफन लाबर्ज यांचा सल्ला मात्र निराळा आहे: रोज रात्रीचे किमान एक स्वप्न नीट आठवू लागेपर्यंत सजगतेच्या तंत्रांना हातच घालू नये. हा सल्ला बहुतेकांना पूर्वतयारीची एक रुक्ष औपचारिकता वाटतो, परंतु तो तसा नाही. सकाळी जागे झाल्यावर स्वप्न आठवणे आणि स्वप्नात असताना आपण झोपलो आहोत हे आठवणे, या दोन्ही गोष्टी जागृती आणि स्वप्न यांच्या सीमेपलीकडे स्मृती नेण्याच्याच आहेत. फक्त त्यांची दिशा उलट आहे. शिवाय, रात्री सजग स्वप्न पडून गेले आणि सकाळी त्याचा मागमूसही उरला नाही, तर ते पडले असे म्हणण्याला त्या माणसापुरता तरी काही आधार राहत नाही.

‘मला स्वप्नेच पडत नाहीत’ असे सांगणारी माणसे प्रत्येक घरात असतात. त्यांचे म्हणणे प्रामाणिक असले तरी बहुधा बरोबर नसते. रेम झोपेतील वर्तनविकार नावाच्या आजारात झोपेतील स्नायूंची स्वाभाविक शिथिलता नाहीशी होते आणि रुग्ण स्वप्नातील हालचाली प्रत्यक्ष करू लागतो, म्हणजे भांडतो, लाथा झाडतो, बोलतो. आपल्याला स्वप्ने पडत नाहीत असे ठामपणे सांगणारे काही रुग्णही झोपेत असे प्रसंग उभे करताना दिसतात, हे फ्रान्समधील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नोंदवले. तेव्हा उणीव असते ती स्वप्नाची नव्हे, आठवणीची.

ही उणीव का निर्माण होते, हे समजण्यासाठी झोपेच्या रचनेकडे पाहावे लागते. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातील यूजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी असे दाखवले, की झोपेत ठरावीक अंतराने डोळे पापण्यांआड वेगाने हलू लागतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून या अवस्थेला रेम झोप असे नाव पडले. अशा हालचाली चालू असताना २७ वेळा केलेल्या विचारपुशीत २० वेळा तपशीलवार स्वप्न सांगितले गेले, तर डोळे स्थिर असताना केलेल्या २३ विचारपुशींपैकी १९ वेळा झोपलेल्याला काहीच आठवले नाही. पुढील संशोधनाने हे चित्र थोडे बदलले, कारण इतर अवस्थांतही स्वप्ने पडतात असे आढळले. तरी लांबलचक, चित्रमय, कथेसारखी स्वप्ने मुख्यतः रेममध्येच येतात हे मत टिकून आहे. या आकड्यांतील लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. ज्यांना सकाळी एरवी काहीही आठवले नसते, त्यांनाही नेमक्या क्षणी उठवले की स्वप्न सांगता येते. स्वप्न तयार होते, ते क्षणभर हाताशीही असते आणि मग निसटते.

निसटण्याची कारणे काही अंशी मेंदूच्या रसायनात आहेत. जागेपणी लक्ष आणि स्मृती यांना साहाय्य करणारे नॉरअॅड्रिनॅलिन हे द्रव्य पुरवणाऱ्या पेशी रेममध्ये जवळजवळ गप्प असतात, त्यामुळे अनुभव कितीही उत्कट असला तरी तो दीर्घकालीन स्मृतीत नोंदवला जाण्याची व्यवस्था ढिली पडलेली असते. जपानमधील नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये त्याहून पुढची गोष्ट मांडली: उंदरांच्या मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागातील काही विशिष्ट पेशी रेम झोपेत सक्रिय होऊन स्मृतीचे केंद्र असलेल्या हिप्पोकॅम्पसचे काम दाबतात, आणि त्या पेशी रेमच्या काळात बंद पाडल्या तर उंदरांची स्मृती सुधारते. उंदरांवरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण विसरणे हा झोपेतील निव्वळ निष्काळजीपणा नसून काही प्रमाणात तिच्या कामाचाच भाग असू शकतो, एवढे त्यातून सुचते, आणि आठवण वाढवण्याच्या प्रयत्नात दामटून नेण्यापेक्षा सबुरी का कामी येते हेही त्यावरून थोडेफार उमगते.

दुसरे कारण अधिक साधे आहे आणि उपायाच्या दृष्टीने अधिक मोलाचे. स्वप्न ध्यानात राहण्यासाठी त्याच्या मध्ये किंवा त्याच्या लगेच नंतर थोडी जाग यावी लागते, म्हणजे अल्पकालीन स्मृतीत असलेला मजकूर जागृत मेंदूला पक्का करून घेता येतो. फ्रान्समधील ल्यों येथे पेरिन रुबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरपूर स्वप्ने आठवणाऱ्या आणि क्वचितच आठवणाऱ्या लोकांची तुलना केली, तेव्हा पहिल्या गटातील माणसे झोपेच्या मध्ये सरासरी सुमारे ३० मिनिटे जागी असतात आणि दुसऱ्या गटातील सुमारे १४ मिनिटे, असे आढळले. हे जागेपण सलग नसते. कूस बदलताना, आवाज आला की, तुकड्यातुकड्यांनी ते येते आणि सकाळी त्याची आठवणही नसते. ज्याला आपण ‘गाढ झोपेचा माणूस’ म्हणून वाखाणतो, त्याला स्वप्ने आठवत नाहीत यात म्हणूनच नवल नाही, आणि त्याने त्याचे वाईटही वाटून घेऊ नये.

जाग आल्यावर काय घडते, यावर पुढचे सारे अवलंबून असते. १९७३ साली डेव्हिड कोहेन आणि गॅरी वुल्फ यांनी एका गटाला सकाळी उठताच हवामानाची माहिती देणाऱ्या क्रमांकावर फोन करून ती टिपून घ्यायला आणि त्यानंतरच स्वप्न लिहायला सांगितले. दुसऱ्या गटाने उठताच स्वप्न लिहिले. एवढ्याशा व्यत्ययाने पहिल्या गटाची स्वप्ने मोठ्या प्रमाणात पुसली गेली, बऱ्याच जणांना ‘काहीतरी पाहिले होते’ यापलीकडे काही सांगता आले नाही. आजच्या काळात हा प्रयोग जवळपास प्रत्येक माणूस रोज सकाळी स्वतःवर करतो, फरक इतकाच की हवामानाऐवजी तो रात्रभरात आलेले निरोप पाहतो.

स्वप्ने कधी शोधावीत याचे उत्तर घड्याळात आहे. झोपेचे एक आवर्तन साधारण दीड तासाचे असते आणि रात्रीत अशी चार-पाच आवर्तने होतात. पहिल्या आवर्तनात रेम जेमतेम काही मिनिटे टिकते, शेवटच्यात अर्धा-पाऊण तासही. प्रौढ माणसाच्या एकूण रेमचा मोठा वाटा रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्शात पडतो. रेमचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी, डच मनोविकारतज्ज्ञ आणि साहित्यिक फ्रेडरिक व्हान एडन यांनी हे अनुभवाने टिपले होते. ‘गीतांजली’चा डच अनुवाद करणारे हेच ते गृहस्थ. १८९८ ते १९१२ या काळात आपल्याला पडलेल्या ३५२ सजग स्वप्नांच्या आधारे १९१३ साली लिहिलेल्या निबंधात त्यांनी ही स्वप्ने निरपवादपणे पहाटे पाच ते आठच्या दरम्यान पडत असल्याचे नमूद केले. पहाटेचे स्वप्न खरे होते ही आपल्याकडील समजूत याच घड्याळातून आली असणे अशक्य नाही: पहाटेची स्वप्ने लांब असतात, त्यांच्यानंतर लगेच जाग येते, म्हणून तीच तेवढी लक्षात राहतात, आणि जी लक्षात राहतात त्यांतलीच एखादी पुढे खरी ठरल्यासारखी वाटू शकते. मध्यरात्रीच्या स्वप्नांना खरे ठरण्याची संधीच मिळत नाही. व्यवहारात याचा अर्थ असा, की रात्री दोन वाजता झोपून सहाच्या गजराने उठणाऱ्याने स्वप्नांच्या आठवणीची अपेक्षाच धरू नये. त्याने स्वप्नांचा सर्वांत सुपीक काळ कापूनच टाकलेला असतो. रात्री घेतलेले मद्यही रेमला मागे ढकलते, आणि नैराश्यावरील अनेक औषधे ती कमी करतात. अशी औषधे मात्र स्वप्नांच्या हौसेपायी आपल्या मनाने कमी करू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

आठवण सरावाने वाढते याचा सर्वांत घसघशीत पुरावा एकोणिसाव्या शतकातील एका फ्रेंच विद्वानाने मागे ठेवला. चिनी भाषा व साहित्याचे अभ्यासक आणि पुढे कोलेज द फ्रान्स या संस्थेत प्राध्यापक झालेले मार्क्वी एर्वे द सॅं-दनी (१८२२–१८९२) यांनी वयाच्या तेराव्या वर्षी आपली स्वप्ने वहीत लिहायला आणि रेखाटायला सुरुवात केली. पुढे त्या वह्या २२ झाल्या आणि त्यांत १९४६ रात्रींची स्वप्ने नोंदवली गेली. त्यांच्या आधारे लिहिलेले, स्वप्ने व ती दिग्दर्शित करण्याचे मार्ग या विषयावरील पुस्तक त्यांनी १८६७ मध्ये निनावी प्रसिद्ध केले. सुरुवातीच्या नोंदी तुटक आणि भोके पडलेल्या होत्या. लिहिण्याची सवय जसजशी मुरत गेली तसतसे स्वप्न सलग आठवू लागले, आणि त्याच प्रवासात, स्वप्नांकडे सतत लक्ष ठेवता ठेवता, आपण स्वप्नात आहोत ही जाणीव स्वप्नातच होऊ लागली, असे त्यांचे निवेदन आहे. म्हणजे सजगता मिळवण्यासाठी त्यांनी आधी कोणतेही वेगळे तंत्र वापरले नव्हते; ती वहीच्या पाठोपाठ आली. त्या मूळ वह्या आज उपलब्ध नाहीत, ही स्वप्नशास्त्राची मोठी हानी म्हणावी लागेल.

प्रत्यक्ष सरावाला सुरुवात आदल्या रात्रीच होते. वही आणि पेन हाताला न शोधता लागेल अशा जागी ठेवणे, त्या दिवसाची तारीख आधीच लिहून ठेवणे आणि सकाळी उठताच पहिला प्रश्न ‘काय पाहिले?’ हाच असेल असे ठरवून झोपणे, एवढ्याने सुद्धा अनेकांना आठवडाभरात फरक जाणवतो. जर्मनीतील मानहाइम येथील मिखाएल श्रेडल यांच्या दीर्घ संशोधनात स्वप्नांविषयीची आस्था आणि आठवणीचे प्रमाण यांचा संबंध वारंवार दिसून आला आहे, आणि ज्यांना मुळात कमी आठवते त्यांना वही ठेवण्याचा फायदा अधिक होतो. पुष्कळ पाणी पिऊन झोपण्याची, म्हणजे रात्री उठावे लागेल अशी तजवीज करण्याची युक्तीही सांगितली जाते. ती चालते, पण वयस्कांनी तिच्या वाटेला न गेलेलेच बरे.

जाग येताच हालचाल करू नये, हा या साऱ्या शिस्तीतील कळीचा नियम आहे. डोळे मिटलेले ठेवून, ज्या कुशीवर जाग आली त्याच कुशीवर पडून राहावे आणि स्वप्न शोधू नये, तर त्याला येऊ द्यावे. उदाहरण घेऊन पाहू. एखाद्या स्त्रीला जाग येते तेव्हा तिच्यापाशी केवळ उशीर झाल्याची एक धाकधूक असते, चित्र काहीच नसते. बहुतेक जण इथेच ‘काही आठवत नाही’ म्हणून उठतात. ती मात्र त्या धाकधुकीलाच धरून राहते आणि कशाला उशीर, असे स्वतःला विचारते. तेव्हा पायाला ओली चप्पल लागल्याचे जाणवते. चपलेवरून चिखल, चिखलावरून एसटी स्टँड. स्टँडवर गाडीची पाटी ‘कोल्हापूर’ अशी होती आणि पुन्हा पाहिली तेव्हा ‘कराड’ झाली होती, हे आठवते. बाकावर आजी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिला ‘गाडी गेली का गं?’ असे विचारत होती. आजीला जाऊन बरीच वर्षे झाली आहेत, हे मात्र तिला आत्ता, अंथरुणात, सुचते. त्याआधीचा भाग येत नाही, म्हणून ती हळूच दुसऱ्या कुशीवर वळते, आणि त्या कुशीवर एक वेगळेच, त्याआधीचे स्वप्न येऊन उभे राहते: शाळेचा वर्ग आणि न केलेला गृहपाठ. ज्या स्थितीत स्वप्न पडले त्या स्थितीत परतल्यावर ते सापडते, असा अनेकांचा अनुभव आहे. स्मृतीच्या संदर्भाविषयी जे सर्वसाधारण ज्ञान आहे त्याच्याशी तो जुळतो.

शेवटाकडून सुरुवातीकडे जाणारी ही साखळी पूर्ण झाली की मग लिहावे, आणि आधी ते शब्द लिहावेत जे सर्वांत लवकर पुसले जातील: नावे, कोणी उच्चारलेली वाक्ये, आकडे, स्पर्श. कथानक मागून भरता येते. या बाबतीत एक दाखला मराठीतच आहे. तुकाराम महाराजांनी आपल्याला स्वप्नात झालेल्या गुरूपदेशाविषयी जो अभंग रचला, त्यात मस्तकावर ठेवलेला हात आहे, गुरूंचे व परंपरेचे नाव आहे, मंत्र आहे, तिथी आणि वार आहे, आणि गुरूंनी भोजनासाठी पावशेर तूप मागितले असता त्याचा स्वप्नातच विसर पडला, हेही आहे. भक्तीच्या दृष्टीने त्या अभंगाचा अर्थ वेगळा आणि मोठा आहे. पण स्वप्नाची नोंद म्हणून पाहिले तरी त्या तुपाच्या मापासारखा, कोणत्याही उपदेशाला अनावश्यक असा तपशील टिकून राहणे हे नोंद करणाऱ्याच्या स्मृतीचे लक्षण आहे. नवख्याची नोंद नेमकी याच्या उलट असते: ‘खूप विचित्र स्वप्न पडले, बरेच लोक होते.’

लिहिताना एक धोका टाळावा लागतो. जागे मन स्वप्नातील भगदाडे बुजवून त्याची सुसंगत गोष्ट बनवते, आणि ही प्रक्रिया फ्रॉइडच्याही लक्षात आली होती. म्हणून जिथे दुवा आठवत नाही तिथे तो जोडू नये, जागा कोरी सोडावी. दुसरी अडचण गमतीची आहे: जाग आल्याचे, वही उघडल्याचे आणि सविस्तर नोंद केल्याचेही स्वप्न पडते, आणि खरोखर जाग येते तेव्हा पान कोरे असते. सराव करणाऱ्यांना या खोट्या जागृतीचा प्रथम संताप येतो, पण तिचा अर्थ असा, की नोंद करण्याचा संकल्प स्वप्नाच्या आत पोहोचला आहे, आणि सजगतेच्या दृष्टीने ती प्रगतीच होय.

महिना-दोन महिन्यांच्या नोंदी जमल्या की वही एकदा सलग वाचावी. वर उल्लेखिलेल्या स्त्रीला कदाचित असे दिसेल, की तिच्या स्वप्नांत पाट्या पुन्हा वाचल्यावर बदलतात, निधन पावलेली माणसे सहज बोलतात आणि शाळा अजून संपलेली नसते. अशा वारंवार येणाऱ्या विसंगतींना स्वप्नखुणा म्हणता येईल. प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या असतात आणि त्या पुस्तकात सापडत नाहीत, फक्त स्वतःच्या वहीत सापडतात; आठवणीशिवाय सजगतेची तंत्रे पांगळी का ठरतात, याचे हे सर्वांत व्यावहारिक कारण आहे. लाबर्ज यांनी १९८० मध्ये मांडलेले तंत्र या खुणांवर आणि भावी स्मृतीवर उभे आहे. भावी स्मृती म्हणजे पुढे योग्य वेळी एखादी गोष्ट करण्याचे ध्यानात राहणे, जसे वाण्याच्या दुकानासमोरून जाताना हिंग संपल्याचे आठवणे. स्वप्नातून जाग आली की ते पूर्ण आठवावे, पुन्हा झोपी जाताना ‘पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मला आठवेल’ असा संकल्प करावा, आणि आताच पाहिलेल्या स्वप्नात आपण परत गेलो आहोत, पाटी बदलताना पाहून ते स्वप्न असल्याचे ओळखतो आहोत, अशी कल्पना करत झोपावे. ऑस्ट्रेलियातील अॅडलेड येथे डेनहोम अॅस्पी यांनी २०१७ मध्ये १६९ जणांवर केलेल्या अभ्यासात, हे तंत्र, सुमारे पाच तासांच्या झोपेनंतर थोडा वेळ जागे राहणे आणि दिवसा वेळोवेळी ‘हे स्वप्न तर नव्हे?’ अशी तपासणी करणे या तिन्ही गोष्टी एकत्र करणाऱ्यांत यशाचे प्रमाण सुमारे १७ टक्के आढळले. मुळात स्वप्ने चांगली आठवणाऱ्यांना आणि तंत्रानंतर पाच मिनिटांत झोप लागणाऱ्यांना अधिक यश मिळाले. १७ टक्के हा आकडा निराश करणारा वाटेल. तो निदान खरा आहे, आणि ‘तीन रात्रींत हमखास’ अशा जाहिरातींपेक्षा त्यावर विसंबणे शहाणपणाचे.

गोळ्यांचा मोहही या वाटेवर भेटतो. अॅस्पी यांच्याच २०१८ च्या प्रयोगात झोपण्यापूर्वी पाच दिवस २४० मिलिग्रॅम बी-६ जीवनसत्त्व घेणाऱ्यांना स्वप्नांतील अधिक मजकूर आठवला, मात्र स्वप्ने अधिक स्पष्ट किंवा रंगीत झाली नाहीत. ही मात्रा रोजच्या गरजेच्या शंभर पटींहून अधिक आहे, आणि इतके बी-६ दीर्घकाळ घेतल्यास हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होऊ शकते. अल्झायमरच्या उपचारात वापरले जाणारे गॅलँटामिन हे औषध १२१ जणांना लाबर्ज यांच्या तंत्राच्या जोडीने दिले असता, मात्रेविना १४ टक्के, ४ मिलिग्रॅमला २७ टक्के आणि ८ मिलिग्रॅमला ४२ टक्के जणांना सजग स्वप्न पडले, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. परिणाम ठळक आहे, तरी ते डॉक्टरांच्या चिठ्ठीचे औषध आहे आणि हौसेची वस्तू नव्हे. पहाटे मुद्दाम उठण्याचा सरावही रोज करू नये. आठवड्यातून एखाद-दोन सुटीच्या दिवशी पुरे. ज्यांना निद्रानाश आहे, किंवा ज्यांना जागेपणीच भास आणि वास्तव यांची गल्लत होण्याचा आजार होऊन गेला आहे, त्यांनी वहीपर्यंतसुद्धा वैद्यकीय सल्ल्यानेच जावे.

आठवणीचे हे महत्त्व प्रयोगशाळेतही चुकत नाही. रेममध्ये शरीराचे बहुतेक स्नायू निकामी असतात, पण डोळे मोकळे असतात. याचा उपयोग करून १९७५ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी अॅलन वर्स्ली याच्याकडून झोपेतूनच डावी-उजवी अशा ठरलेल्या नेत्रखुणा मिळवल्या, आणि लाबर्ज यांनी स्टॅनफर्डमध्ये स्वतंत्रपणे तेच सिद्ध करून १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. या खुणांना अर्थ आला तो जागे झाल्यावर झोपलेल्याने ‘मी अमुक वेळी अमुक खूण केली’ असे आठवून सांगितल्यामुळे. २०२१ मध्ये अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधील चार प्रयोगशाळांनी पुढचे पाऊल टाकले: ३६ जणांपैकी काहींना सजग स्वप्नात असतानाच बाहेरून प्रश्न विचारले गेले, आणि ‘आठ वजा सहा’ याचे उत्तर डोळ्यांच्या दोन हालचालींनी मिळाले. तरीही जागे झाल्यावर त्यांच्यापैकी काहींना प्रश्न वेगळाच आठवत होता, तर काहींना आपण उत्तर दिल्याचेच आठवत नव्हते. त्या खोलीतील यंत्रांनी टिपलेली नोंद नसती, तर ती संभाषणे झालीच नाहीत असे त्यांनी शपथेवर सांगितले असते.